खरखरीत अक्षरं आणि ‘स्पर्श’ नावाचा गोंधळलेला चल



आज एक दावा तपासायला घेऊ. दावा तुम्ही नक्की ऐकलेला आहे: “मुलाला अक्षर नुसतं दाखवू नका, हाताला लागू द्या. पॉलिश पेपरची, रव्याची, डाळीची अक्षरं घरी बनवा. मूल लवकर वाचायला लागतं. हे संशोधनाने सिद्ध झालंय.”

यातलं शेवटचं वाक्य आपल्या कामाचं. संशोधनाने म्हणजे कोणत्या? सिद्ध म्हणजे नेमकं काय? पीएचडीच्या मुलाखतीला बसाल तेव्हा समोरचे तज्ज्ञ तुम्हाला हेच विचारणार आहेत, फक्त विषय तुमचा असेल. म्हणून सराव म्हणून आज हा विषय घेऊया. शिवाय विषय घरगुती आहे, त्यामुळे कुणाला अवघड जाणार नाही.

मला हा विषय का सुचला ते थोडक्यात सांगतो. माझी भाची साडेचार वर्षांची आहे. तिच्या बालवर्गात ताईला सांगितलं गेलं की मुलगी अक्षरांत मागे आहे, घरी ‘स्पर्शाची अक्षरं’ करून घ्या. ताई नोकरी करते. रात्री साडेनऊला स्वयंपाकघर आवरून ती पुठ्ठे कापायला बसायची. दहा-बारा अक्षरं झाल्यावर तिने मला फोनवर विचारलं, “तू संशोधन करतोस ना? मग सांग, याने खरंच काही होतं का? की मी उगाच झोप मोडतेय?” प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला मला मूळ शोधनिबंध काढून वाचावे लागले. ते वाचताना जे लक्षात आलं ते तुमच्यासाठी लिहितोय.

आधी थोडा इतिहास

खरखरीत अक्षरांचं नाव मारिया माँटेसरींशी जोडलेलं आहे आणि ते बरोबरच आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. तिथल्या मुलांना लिहिणं-वाचणं शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांना लाकडी अक्षरांचा सुंदर संच हवा होता. आधीच्या कामात त्यांनी तसा संच वापरला होता. पण तो बनवून देणारा कारागीर मिळेना. शेवटी त्यांनी कागदाची अक्षरं कापली आणि स्पर्शासाठी सँडपेपरची अक्षरं कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. हे सगळं त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात स्वतः सांगितलं आहे. म्हणजे आज जो संच पॉलिश केलेल्या लाकडी खोक्यात भारी किमतीला विकला जातो, त्याचा मूळ अवतार घरगुतीच होता.

आपल्याकडे हे १९३९ च्या आधीच पोचलं होतं. (१९३९ ला माँटेसरी स्वतः मद्रासला आल्या आणि १९४६ पर्यंत भारतात राहिल्या.) गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक भावनगरला हे काम करत होते. १९४५ पासून ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. परदेशी साधनं गावच्या बालवाडीला परवडणारी नव्हती. म्हणून आसपास मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंमधून साधनं करायची, हा त्यांच्या कामाचा कणाच झाला.

आणि त्याच्याही खूप आधी आपल्याकडे धूळपाटी होतीच. पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचं. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यातूनच आला. ‘गिरवणे’ हा शब्दही बघा: काढलेल्या अक्षरावरून पुन्हा पुन्हा हात फिरवणे. माँटेसरींचं नाव न ऐकलेली आपली पणजी हे दोन्ही करत होती.

इथे थांबून एक गोष्ट नोंदवून ठेवा, पुढे लागेल. धूळपाटीवर अक्षर काढणं आणि तयार अक्षर गिरवणं या दोन वेगळ्या कृती आहेत. आपल्या भाषेने त्यांना दोन वेगळे शब्द दिलेत. आजच्या ‘स्पर्श’वाल्या दाव्याने मात्र दोन्ही एकाच पोत्यात कोंबले आहेत.

दोन पुरावे जे पुरावे नाहीत

या दाव्याच्या समर्थनार्थ दोन गोष्टी हमखास पुढे केल्या जातात. दोन्ही आधी बाजूला काढू.

पहिली म्हणजे बी.एड.च्या प्रत्येक नोट्समध्ये असलेली ती आकृती: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, प्रत्यक्ष केलेलं ९० टक्के. ही एडगर डेल यांच्या अनुभवशंकूच्या नावावर खपवली जाते. डेल यांनी १९४६ साली जो शंकू मांडला त्यात एकही टक्का नव्हता. तो साधनांचं मूर्ताकडून अमूर्ताकडे केलेलं वर्गीकरण होतं. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. इतके गोल गोल आकडे कुठल्याही खऱ्या प्रयोगातून येत नाहीत, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तरी बघताक्षणी खटकायला हवं. तुमच्या प्रबंधात हे आकडे असतील तर आजच खोडा.

दुसरी गोष्ट ‘माझं मूल स्पर्शाने शिकणारं आहे’ ही. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने, आणि त्या-त्या पद्धतीने शिकवलं की जास्त शिकतं, ही ती कल्पना. २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. त्यांचं म्हणणं असं की ही कल्पना तपासायला एका विशिष्ट आराखड्याचा प्रयोग हवा: दोन्ही प्रकारच्या मुलांना दोन्ही पद्धतींनी शिकवायचं आणि निकालांची फुली पडते का ते बघायचं. असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. तेव्हा खरखरीत अक्षरं चांगली असतील तर ती सगळ्याच मुलांसाठी असतील. ‘स्पर्शवाल्या’ मुलांची वेगळी जात मानायला आधार नाही.

आता मुख्य निबंध

ज्या निबंधाचा आधार बहुतेक वेळा दिला जातो तो फ्लोरेन्स बारा, एदुआर्द जेंताझ आणि सहकाऱ्यांचा, २००४ चा, फ्रान्समधला. पाच वर्षांची बालवाडीतली मुलं. तीन गट. तिन्ही गटांना ध्वनींचे खेळ सारखेच. फरक फक्त अक्षराची ओळख कशी करून दिली यात.

पहिला गट: अक्षर डोळ्याने बघायचं आणि हातानेही चाचपायचं.

दुसरा गट: अक्षर फक्त बघायचं.

तिसरा गट: अक्षर फक्त बघायचं, पण ते एकदम न दाखवता क्रमाक्रमाने उलगडत दाखवायचं.

हा तिसरा गट का ठेवला असेल? दोन मिनिटं विचार करा, मग पुढे वाचा.

डोळा अक्षर एका झटक्यात बघतो. बोट ते क्रमाने बघतं: आधी ही रेघ, मग हे वळण, मग तो दांडा. म्हणजे स्पर्शाच्या गटाला फायदा झाला तरी तो स्पर्शाचा की नुसत्या क्रमाचा, हे सांगता येणार नाही. तिसऱ्या गटाने ही शंका मिटवायची सोय केली. त्या गटात क्रम आहे, स्पर्श नाही. पर्यायी स्पष्टीकरण आधीच ओळखून त्यासाठी गट उभा करणं म्हणजे काय, हे शिकायला हा आराखडा फार चांगला आहे. आपल्याकडचे बरेच प्रबंध ‘नियंत्रण गट: नेहमीची पद्धत’ एवढ्यावर थांबतात. मग नवी पद्धत जिंकते. ती नवी होती म्हणून जिंकली, की संशोधकाने त्या गटाकडे जास्त लक्ष दिलं म्हणून, हे कुणालाच कळत नाही.

आता निकाल. निरर्थक शब्द वाचून दाखवण्यात (म्हणजे आधी पाठ असण्याची शक्यताच नाही असे शब्द) स्पर्शाच्या गटाची प्रगती बाकी दोन्ही गटांपेक्षा जास्त होती. दाव्याच्या बाजूने हा चांगला पुरावा आहे.

पण तोच निबंध पुढे सांगतो की अक्षर ओळखण्याच्या चाचणीत आणि ध्वनी ओळखण्याच्या चाचणीत तिन्ही गटांची प्रगती साधारण सारखीच झाली.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. कारण घरोघरी खरखरीत अक्षरं कशासाठी बनवली जातात? ‘अक्षरं लवकर ओळखता यावीत’ म्हणून. आणि नेमक्या त्याच बाबतीत इथे जास्तीचा फायदा दिसला नाही. फायदा दिसला तो आकार आणि ध्वनी जोडून वाचण्यात. म्हणजे बोटाचं काम आकार ओळखून देण्याचं नसावं. ते डोळे करतातच. संशोधकांच्या मते हळूहळू, क्रमाने होणारा हा स्पर्श डोळ्याला दिसणारा आकार आणि कानाला ऐकू येणारा ध्वनी यांच्यामधला दुवा बनतो. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण ते स्पष्टीकरण आहे. मोजलं गेलं ते फक्त वाचन. निकाल आणि स्पष्टीकरण वेगवेगळ्या वहीत लिहायची सवय लावून घ्या.

या निबंधाच्या मर्यादाही बघू. शिकवणी चालू असतानाचा काळ मोजला, दोन वर्षांनंतर काय राहिलं ते यातून कळत नाही. भाषा फ्रेंच, लिपी रोमन. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्पर्श एकटा दिला नव्हता. सोबत ध्वनींचे खेळ होते, प्रौढ माणूस समोर बसलेला होता. ताईने कापलेला ‘ग’ कपाटावर ठेवला आणि मुलीने जाता-येता त्यावर हात फिरवला, तर त्याला या निबंधाचा आधार मिळत नाही.

गिरवणं की काढणं?

दुसरा निबंध करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांचा, २०१२ चा, अमेरिकेतला. अजून वाचायला न शिकलेली पाच वर्षांची मुलं. काही अक्षरं त्यांनी स्वतः हाताने काढली, काही गिरवली, काही कळफलकावर टंकली. नंतर तीच अक्षरं बघताना त्यांच्या मेंदूची एफएमआरआय चित्रं घेतली. वाचताना जे भाग एकत्र काम करतात ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी कामाला लागलेले दिसले. टंकलेल्या अक्षरांच्या वेळी नाही. आणि गिरवलेल्या अक्षरांच्या वेळीही नाही.

गंमत बघा. ‘हाताने केलं की मेंदू जागा होतो’ या वाक्यासाठी हाच निबंध पुढे केला जातो. पण गिरवणं तर हातानेच होतं ना? तरी फरक पडला. लेखिकांची मांडणी अशी की मूल स्वतः अक्षर काढतं तेव्हा ते दर वेळी वेगळं आणि वेडंवाकडं येतं. कधी पोट मोठं, कधी दांडा तिरका. इतके वेगवेगळे ‘क’ स्वतःच्या हातून निघाल्यावर ‘क’चं नेमकं क-पण कशात आहे ते मुलाला कळायला लागतं. गिरवताना मात्र दर वेळी एकच सुबक ‘क’.

इथेही टीका करायलाच हवी. मुलं अगदी थोडी, वीसपेक्षाही कमी. आणि मेंदूचा एखादा भाग चित्रात उजळला म्हणजे मूल चांगलं वाचायला लागलं असं होत नाही. रंगीत मेंदूचं चित्र दिसलं की आपण लगेच मान डोलावतो, तेव्हा मुद्दाम विचारा: वर्तनात काय बदललं?

वर्तनाचा पुरावा मारिएके लाँगकाँ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दिला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट, एक हाताने लिहिणारा, एक टंकणारा. नंतर अक्षर ओळखण्यात हाताने लिहिणारी मुलं सरस ठरली, पण फक्त वयाने मोठी असलेली. लहानांत तो फरक दिसला नाही. हे ‘पण’ पुढे सांगताना नेहमी गळून पडतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला पेन्सिल धरायला लावणाऱ्यांनी हा निबंध आपल्या बाजूने वापरू नये.

मग बारा आणि जेम्स यांच्यात भांडण आहे का? एक म्हणते तयार अक्षर चाचपून फायदा झाला, दुसरी म्हणते गिरवून झाला नाही. घाईत ‘संशोधनात मतभेद आहेत’ असं लिहून मोकळं होऊ नका. कृती वेगळी आहे: एकीकडे बोटांनी उठावाचं अक्षर चाचपणं, दुसरीकडे छापील रेघेवरून गिरवणं. मोजलेली गोष्टही वेगळी आहे: एकीकडे वाचन, दुसरीकडे मेंदूतली हालचाल. स्वाश्रयी चल वेगळा, आश्रयी चलही वेगळा. ही दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं आहेत.

तिसरा एक संदर्भ येतो तो अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांचा, २००६ चा. मिलवॉकी शहरात माँटेसरी शाळेत प्रवेश लॉटरीने होत होता, त्यामुळे ‘हौशी पालकांचीच मुलं तिथे जातात’ ही शंका बरीच कमी झाली. पाच वर्षांची माँटेसरी मुलं अक्षर-शब्द ओळखण्यात पुढे होती. आराखडा छानच. पण तिथे अख्खी शाळा वेगळी होती: शिक्षक, मिश्र वयाचे वर्ग, वेळापत्रक, सगळी साधनं. त्यातलं श्रेय एकट्या सँडपेपरला देता येत नाही.

‘स्पर्श’ नावाचे तीन चल

आता माझा मुख्य मुद्दा. घरी मुलासोबत अक्षरं बनवायला बसल्यावर ‘स्पर्श’ या नावाखाली तीन वेगळ्या कृती होतात.

चिकटवणं. पुठ्ठ्यावर ‘म’ काढून त्यावर फेविकॉल लावून मूग चिकटवायचे. मी भाचीसोबत दोन-तीन रविवार हे केलं. तिचं सगळं लक्ष फेविकॉल आणि मुगाकडे. सुरुवात तिने कुठूनही केली, ‘म’च्या गाठीतली पोकळी मुगांनी पूर्ण भरून टाकली, आणि त्या पाऊण तासात ‘म’ हा ध्वनी तिच्या तोंडून एकदाच निघाला, तोही मी विचारलं म्हणून. तिला मजा आली, चिमटीचा व्यायाम झाला, मामासोबत वेळ गेला. हे सगळं चांगलंच आहे. पण वरच्या एकाही निबंधातली कृती ही नव्हे. अक्षर शिकण्यासाठी म्हणून याला संशोधनाचा आधार सांगू नये.

फिरवणं. तयार खरखरीत अक्षरावर बोट वळणाच्या दिशेने फिरवायचं आणि त्याच वेळी ध्वनी म्हणायचा. माँटेसरी पद्धतीत तर्जनी आणि मधलं बोट जोडून फिरवतात. बारा यांच्या निबंधाच्या सर्वांत जवळची कृती ही.

काढणं. रव्याच्या ताटात, ओल्या वाळूत, धूळपाटीवर स्वतः अक्षर काढायचं. समोर नमुना असला तरी बोट रिकाम्या जागेत फिरतं. जेम्स यांच्या निबंधाच्या जवळची कृती ही.

तिन्हीत हात आहे. तिन्हीचा परिणाम एकच असेल असं मानायला कारण नाही. संशोधनाच्या भाषेत म्हणायचं तर ‘स्पर्श’ची कार्यात्मक व्याख्या केलेली नाही. आणि गंमत म्हणजे घरगुती साधनांच्या बहुतेक सूचना सर्वांत जास्त जागा पहिल्या कृतीला देतात, कारण तीच फोटोत छान दिसते.

या वेगळेपणाला इतिहासातूनही एक आधार आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये वालांतँ आउई यांनी अंध मुलांसाठी उठावाची रोमन अक्षरं छापली. कल्पना तीच: डोळस माणसाचंच अक्षर, फक्त बोटाला लागेल असं. पण ती वाचायला फार संथ होती. त्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये ठिपक्यांची लिपी मांडली आणि तीच टिकली, कारण ती बोटासाठी बनवलेली होती. भारती ब्रेलही सहा ठिपक्यांचीच. यावरून एवढं कळतं की डोळ्यासाठी घडलेलं अक्षर नुसत्या स्पर्शाने ओळखणं बोटाला सोपं जात नाही. डोळस मुलाला खरखरीत ‘क’चा उपयोग होत असेल तर तो बहुधा खरखरीतपणामुळे नव्हे, वळणाच्या हालचालीमुळे. (आणि एखाद्या मुलाची दृष्टी खरोखरच कमी असेल तर उठावाचा ‘क’ हा ब्रेलला पर्याय नाही. तिथे वेळ घालवू नये.)

देवनागरीचं काय?

वरचं सगळं संशोधन रोमन लिपीवरचं. मराठीला ते जसंच्या तसं लावता येईल का? मला तीन अडचणी दिसतात.

एक, शिरोरेषा. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘य’ आणि ‘थ’ या जोड्या बघा. ‘म’, ‘घ’, ‘य’ यांच्या डोक्यावर रेघ सलग आहे. ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांची डावीकडे तुटलेली आहे. मुलं नेमकी इथे चुकतात. आता घरगुती संच बघा: सोय म्हणून प्रत्येक कार्डावर वर एक सरळ पट्टी चिकटवलेली असते, किंवा शिरोरेषाच नसते. म्हणजे जिथे बोटाची खरी मदत झाली असती तिथलाच फरक आपण पुसून टाकला! भाचीने एकदा विचारलं, “मामा, भ चं डोकं कुठून फुटतं?” हा प्रश्न तिला कापलेल्या कार्डामुळे पडला की नुसत्या बघण्यानेही पडला असता, मला सांगता येणार नाही. पण साधन बनवताना याच तुटण्यावर मेहनत घ्या असं मी म्हणेन.

दोन, स्वरचिन्हं. फ्रेंच मूल अक्षरं डावीकडून उजवीकडे एकापुढे एक जोडतं. आपल्याकडे ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ऐकू नंतर येते. ‘कु’चा उकार खाली, ‘के’ची मात्रा वर. आपल्या मुलाला जोडायला शिकायचं आहे ते हे. पण घरगुती संच ‘अ ते ज्ञ’ला संपतात, काना-मात्रा त्यात नसतातच. बारा यांचा फायदा आकार-ध्वनी जोडण्यात दिसला होता हे आठवा. मग मराठीत सर्वांत जास्त अपेक्षा कुठे ठेवायला हवी? माझा अंदाज: स्वरचिन्हांत. माँटेसरी संचात स्वर आणि व्यंजनांच्या पाट्यांचे रंग वेगळे असतात. आपण व्यंजनं पॉलिश पेपरची आणि काना-मात्रा-वेलांटी लोकरीच्या दोऱ्याची केली तर? पोत बदलला की बोटाला ‘इथे स्वर आला’ हे कळेल. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. कुणाला एम.एड.च्या लघुप्रबंधाला विषय हवा असेल तर घ्या.

तीन, वेळ. सोनाली नाग यांचं कन्नड वाचनावरचं काम (२००७) सांगतं की अक्षरांची संख्या आणि जोडण्या इतक्या असल्यामुळे मुलांचं अक्षरज्ञान पहिलीच्या पुढेही बरीच वर्षं वाढत राहतं. देवनागरीची रचनाही त्याच जातीची. त्यामुळे साडेचार वर्षांच्या मुलीला सगळी मुळाक्षरं येत नाहीत म्हणून ‘मागे’ म्हणणं हे इंग्रजीची सव्वीस अक्षरं डोक्यात ठेवून लावलेलं माप वाटतं.

घरी तपासता येईल का?

येईल, अगदी साधेपणाने. मुलाला न येणारी आठ अक्षरं निवडा. सारख्या अवघडपणाच्या चार जोड्या करा. प्रत्येक जोडीतलं कोणतं अक्षर ‘बोटाच्या’ गटात जाईल ते चिठ्ठी टाकून ठरवा, स्वतः निवडू नका. दोन्ही गटांना रोज सारखी पाच मिनिटं, तोच माणूस, तोच उत्साह. एका गटात अक्षर बघायचं आणि ध्वनी म्हणायचा. दुसऱ्यात बघायचं, ध्वनी म्हणायचा आणि बोट फिरवायचं. दोन आठवडे झाले की एक आठवडा काहीच करू नका. मग कोणतं अक्षर कुठल्या गटात होतं हे माहीत नसलेल्या माणसाकडून, म्हणजे आजोबांकडून, चाचणी घ्या: आधी एकेक अक्षर, मग दोन अक्षरांचे निरर्थक शब्द.

एका मुलावरून सर्वसाधारण नियम निघणार नाही. पण ‘आम्ही खरखरीत अक्षरं केली आणि मूल वाचायला लागलं’ या वाक्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्या वाक्यात तुलनाच नसते. त्या काळात मूल मोठं झालं, शाळेतही शिकलं, आणि आईबाबा रोज शेजारी बसले. यातल्या कशाने काय झालं कुणास ठाऊक.

ताईला काय सांगितलं

“अख्खा संच रात्री बसून कापू नकोस. पाच-सहा अक्षरं पुरेत, तीही तिला गोंधळवणारी: म-भ, घ-ध. बारीक पॉलिश पेपर घे, जाड घेतलास तर बोट चुरचुरेल आणि ती हात लावायची नाही. बोट फिरवताना नुसता ध्वनी म्हण, ‘कमळाचा’ वगैरे नंतर. पाच मिनिटं झाली की कार्ड बाजूला आणि रव्याच्या ताटात तिला स्वतः काढू दे, वाकडं आलं तरी पुसून सरळ करून देऊ नकोस. मूग चिकटवायचे तर खुशाल चिकटवा, पण तो खेळ म्हणून. आणि ती मागे नाहीये.”

ताई म्हणाली, “म्हणजे संशोधन सांगतं की करू नको?”

मी म्हटलं, “संशोधन सांगतं की थोडं कर, शेजारी बसून कर, आणि दहाला झोप.”

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या विषयातलं असं एक वाक्य शोधा ज्यात ‘कृतीयुक्त’, ‘अनुभवाधारित’, ‘डिजिटल’ असा एखादा मोठा शब्द आहे. त्या शब्दाखाली प्रत्यक्षात किती वेगवेगळ्या कृती दडल्या आहेत त्याची यादी करा. मग बघा, ज्या निबंधाचा संदर्भ तुम्ही देताय त्याने त्यातली नेमकी कोणती तपासली होती. यादी टिप्पणीत टाका, पुढच्या वेळी त्यातल्या दोन-तीन घेऊन बोलू.